डुफ्लोच्या वाट्याला काय आलं?

'अ गुड इयर' या सिनेमावर कुठलाही आक्षेप घेतला की ठरलेलं उत्तर येतं: हलकाफुलका सिनेमा आहे, दोन तास मजेत जातात, एवढं मनावर कशाला घ्यायचं? या उत्तराचा प्रतिवाद मला करायचा आहे. सिनेमा आवडणाऱ्यांशी माझं भांडण नाही, त्यातलं बरंच काही मलाही आवडतं. पण 'हलकाफुलका' हा शब्द ढालीसारखा पुढे केला की मागे काय झाकलं जातं, ते एकदा उघडून पाहायला हवं. ज्या सिनेमाची सगळी गोष्ट 'ही जमीन कोणाची' या एकाच प्रश्नावर उभी आहे, त्या सिनेमाला तोच प्रश्न विचारण्यात रसभंग कसला?

गोष्ट थोडक्यात अशी. रिडली स्कॉटने 2006 साली पीटर मेलच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून हा सिनेमा केला. मॅक्स स्किनर (रसेल क्रो) हा लंडनमधला रोख्यांचा व्यापारी. भाव पाडायचे आणि पडलेल्या भावात पुन्हा उचलायचे, यात तरबेज. त्याचा हेन्रीकाका (अल्बर्ट फिनी) फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हांसमध्ये द्राक्षमळा सांभाळून होता. मॅक्सचे लहानपणीचे उन्हाळे तिथेच गेले. काका मृत्युपत्र न करता जातो आणि जवळचा नातेवाईक म्हणून वाडा आणि मळा मॅक्सकडे येतो. विकून मोकळं व्हावं म्हणून तो तिथे जातो. तिथे त्याला फॅनी भेटते (मारियाँ कोतियार), हेन्रीची मुलगी असल्याचं सांगत कॅलिफोर्नियाची क्रिस्टी येऊन थडकते, आणि लंडनचा हा माणूस हळूहळू विरघळतो. हे सगळं घडत असताना एक माणूस सतत तिथेच असतो. फ्रान्सिस डुफ्लो. दिदिए बुर्दों या नटाने तो रंगवला आहे. हेन्रीच्या हयातीत मळा त्यानेच राखला, काका गेल्यावरही तोच राखतो आहे, आणि मॅक्स विकणार म्हटल्यावर ज्याच्या पायाखालची जमीन खरोखर सरकते असा या गोष्टीतला तो एकटाच माणूस.

आधी एक गोष्ट बाजूला करतो. सिनेमा आला तेव्हा इंग्रजी समीक्षकांनी त्याला झोडपलं. स्कॉटला विनोदाचं अंग नाही, क्रो अशा भूमिकेला जड पडतो, निसर्ग पर्यटनाच्या जाहिरातीसारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे आक्षेप मला चुकीचे वाटतात. स्कॉटला हा प्रदेश बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखा दिसलेला नाही. प्रोव्हांसच्या ल्युबरों भागातल्या ओपेद गावी त्याचा स्वतःचा द्राक्षमळा आहे, 1990च्या दशकापासून. सिनेमातला वाडा बोनियो गावचा शातो ला कानोर्ग, म्हणजे खरोखर वाईन करणारा, सेंद्रिय शेती करणारा मळा. तिथली संध्याकाळ खरी तशी पिवळी होते. जे तिथे आहे ते दाखवणं ही जाहिरात कशी? क्रोबद्दल म्हणाल तर स्वतःवर खूश असलेल्या माणसाचा तोल जाताना पाहण्यात जी गंमत असते ती तो पुरेपूर देतो. आणि फिनीचे प्रसंग तर निव्वळ सोन्याचे आहेत. एका मुलाला बुद्धिबळ, टेनिस आणि वाईनची चव एकाच मायेने शिकवणारा तो काका पाहताना मराठी माणसाला पुलंच्या 'तुझे आहे तुजपाशी'मधले काकाजी आठवले तर आश्चर्य नाही.

म्हणून समीक्षकांनी ज्याला दोष दिला तो माझा मुद्दाच नाही. माझा मुद्दा डुफ्लोचा आहे.

सिनेमा डुफ्लोला कसा वापरतो ते बघा. तो घाबरतो, ते हसण्यासाठी. तो रागावतो, तेही हसण्यासाठी. मॅक्सशी तो टेनिस खेळतो, आणि दोघे जिवाच्या आकांताने चेंडू बडवत असताना आपल्याला दोन मोठी मुलं भांडताना दिसावीत अशी मांडणी आहे. मळा विकला गेला तर या माणसाचं काय, हा प्रश्न तोंडी येतो; पण प्रत्येक वेळी तो एका विनोदाच्या खांद्यावरून येतो आणि लगेच उतरून जातो. दरम्यान मळ्याची वाईन इतकी वाईट लागते की मॅक्स ती थुंकून टाकतो. पुढे कळतं की 'ल क्वँ पेर्द्यू' नावाची, जाणकार लोक ज्या दुर्मीळ वाईनसाठी वाटेल ते मोजतात ती, याच मळ्यातली आहे, डुफ्लोच्याच हातची.

इथे थांबायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचा कणा इथे आहे. या मालमत्तेत मोलाचं जे काही आहे ते एका माणसाच्या कष्टातून आणि ज्ञानातून आलेलं आहे. तो वारस नाही. मॅक्सला वाडा मिळतो तेव्हा त्याला मिळतात भिंती, तलाव, आठवणी. 'ल क्वँ पेर्द्यू' मॅक्सने केलेली नाही, आणि हेन्रीने एकट्याने केलेलीही नाही. तरीही शेवटी मालमत्तेचा निकाल लागतो तो मॅक्स आणि क्रिस्टी या दोघांमध्येच. वारस कोण, पुतण्या की मुलगी? या प्रश्नाच्या कक्षेत डुफ्लोचं नाव येतच नाही.

सिनेमाच्या चाहत्यांचं पहिलं उत्तर असतं: पण मॅक्स शेवटी सगळं सोडतो ना! सोडतो, हे खरं. काकाच्या हस्ताक्षराची नक्कल करून तो एक पत्र लिहितो, त्या पत्रामुळे क्रिस्टीचा हक्क सिद्ध होतो आणि मळा तिच्याकडे जातो. हा प्रसंग मला मनापासून आवडतो. लहानपणी काकाची सही गिरवायला शिकलेला मुलगा मोठेपणी त्याच कसबाने स्वतःचं नुकसान करून घेतो, ही कल्पना सुंदर आहे. पण त्या पत्रात तो काय लिहितो याचाही विचार करा. सत्ता त्याच्या हातात आहे, कागद त्याच्या हातात आहे, काकाचा आवाज त्याच्या हातात आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडी तो वाटेल ते घालू शकतो. पटकथाकाराला इथे पूर्ण मोकळीक होती. आणि ज्या माणसाने हेन्रीबरोबर तो मळा कसला त्याच्यासाठी एक ओळ, जमिनीचा एक तुकडा, 'ल क्वँ पेर्द्यू'च्या वेलींवरचा हक्क, असं काही त्यातून निघत नाही. रक्ताकडून रक्ताकडे, एवढाच या औदार्याचा प्रवास. मॅक्स स्वतः फॅनीबरोबर त्याच वाड्यात राहतो, म्हणजे त्यागानंतरही तलाव त्याचाच. डुफ्लो मळा सांभाळत राहतो, आता क्रिस्टीच्या जोडीने. मालकीण बदलली, डुफ्लो होता तिथेच आहे, आणि तो तिथेच राहिला हाच त्याचा सुखान्त, असं सिनेमा आपल्याला सांगतो.

दुसरं उत्तर थोडं अधिक चलाख आहे. ते असं: तुम्ही कूळकायद्याच्या प्रदेशातून आलेली माणसं, कसेल त्याची जमीन हे तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ती नजर फ्रान्सवर लादू नका. आता, ही नजर मला माझ्या मातीतून मिळाली हे मी नाकारत नाही. 1948चा मुंबई कूळवहिवाट कायदा, 1 एप्रिल 1957चा कृषक दिन, जमीन कसणाऱ्या कुळाला त्या दिवशी मालक मानलं जाणं, आणि त्यानंतर तहसील कचेऱ्यांत वर्षानुवर्षं चाललेले दावे, हे ज्या घरांनी पाहिलं त्या घरांतल्या माणसाला मळ्यावर राबणारा माणूस पडद्यावर दिसला की त्याचं नाव कुठल्या कागदावर आहे, हा प्रश्न आपोआप पडतो. पण हा प्रश्न फ्रान्सला परका आहे असं म्हणणारा फ्रान्स ओळखत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली, फ्रान्सने खंडाने जमीन कसणाऱ्यांसाठी जो कायदा पक्का केला तो आजही त्या देशातल्या शेतीचा एक खांब आहे. खंडाचा करार किमान 9 वर्षांचा. मालकाला वाटलं म्हणून शेतकऱ्याला बाहेर काढता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मालक जमीन विकायला निघाला तर ती विकत घेण्याचा पहिला हक्क ती कसणाऱ्याचा. अर्धेलीने किंवा वाट्याने कसणाऱ्यांचीही त्या देशात जुनी परंपरा आहे, आणि वाट्याचा करार खंडात बदलून मागण्याची सोय कायद्याने दिलेली आहे. त्याशिवाय 1960च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या 'साफेर' या संस्था आहेत. शेतजमीन विकली जाते तेव्हा त्या मध्ये पडून ती स्वतः घेऊ शकतात आणि शेती करणाऱ्याच्या हाती देऊ शकतात. लंडनहून येऊन मळा विकून आठवड्यात परत जाऊ पाहणाऱ्या माणसाला खऱ्या ल्युबरोंमध्ये या सगळ्यांना तोंड द्यावं लागलं असतं. शिवाय कर. फ्रान्समध्ये मुलांना वारसा मिळतो तेव्हाचा कर आणि पुतण्याला मिळतो तेव्हाचा कर यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पुतण्याला किरकोळ सूट वजा जाता 55 टक्के भरावे लागतात. निम्म्याहून जास्त! या कराचं ओझं मॅक्सच्या एकाही निर्णयावर पडताना दिसत नाही.

यावर 'सिनेमाने कायद्याचे तपशील कशाला द्यायचे' असं कोणी म्हणेल. पण हा सिनेमा कायद्याचे तपशील देतो! नोटरी आहे, तिच्या टेबलावर कागद आहेत, मृत्युपत्र नसेल तर काय होतं याची चर्चा आहे. क्रिस्टीचं सगळं उपकथानक एका कायदेशीर मुद्द्यावर चालतं: लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलीला बापाच्या मालमत्तेत हक्क आहे आणि तो पुतण्याच्या आधी येतो. फ्रान्समध्ये हा हक्क सहजासहजी आलेला नाही. 1972च्या कायद्याने अशा मुलांना बहुतांशी समान मानलं, पण बाप किंवा आई दुसऱ्या कोणाशी विवाहित असताना जन्मलेल्या मुलांना पूर्ण वाटा मिळायला 2001 साल उजाडावं लागलं. त्यासाठीही आधी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाला फ्रान्सचे कान उपटावे लागले. एवढा गुंतागुंतीचा कायदा या हलक्याफुलक्या गोष्टीत अगदी सहज मावला. प्रेक्षकाला जड गेला नाही, उलट त्यावरच गंमत उभी राहिली. रक्ताच्या हक्काला गोष्टीत जागा आहे, कष्टाच्या हक्काला नाही. ही निवड आहे, आणि 'हलकाफुलका' या शब्दाने ती समजावून सांगता येत नाही.

आता मळ्याकडे येऊ. ज्याने द्राक्षं लावली आहेत किंवा लावणाऱ्यांच्या घरात जो वाढला आहे त्याला या सिनेमात एका गोष्टीची चुटपुट लागेल. मळा कायम हिरवा आहे, नटलेला आहे, आणि त्यात काम करणारं जवळजवळ कोणी नाही. मॅक्स उन्हात येतो आणि उन्हातच राहतो. पण द्राक्षाच्या कामाचा मोठा भाग प्रोव्हांसच्या हिवाळ्यात असतो, मिस्त्राल नावाचं ते हाडं फोडणारं वारं उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून खाली उतरत असताना. पानं गळलेली असतात, वेल झोपलेली असते, आणि हेक्टरी काही हजार वेली एकेक करून हाताने छाटायच्या असतात. कुठली काडी ठेवायची, कुठली काढायची, किती डोळे राखायचे, हे त्या वेलीचं मागचं वर्ष आठवत ठरवायचं. नाशिक-सांगलीचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करतो, कारण आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. तिकडे एकच, पण ती बोटं बधिर करणाऱ्या दिवसांत. मग वसंतात फुटवे आणि एका रात्रीच्या दंवाने सगळं जाण्याची भीती. मग केवडा आणि भुरी हे रोग. मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण आपल्या बागांवर पिढ्यान्‌पिढ्या फवारलं गेलं ते 1880च्या दशकात बोर्दोच्या मळ्यांतच केवड्यावर उपाय म्हणून पुढे आलं. डुफ्लोने हे सगळं किती हिवाळे केलं असेल? वेल तीन-चार वर्षांनी नीट धरू लागते आणि अनेक जाणते लोक जुन्या वेलीच्या द्राक्षाला वेगळा मान देतात. म्हणजे 'ल क्वँ पेर्द्यू'सारखी वाईन निर्माण होते ती एका चांगल्या वर्षात होत नाही. तिच्यामागे अर्ध्या आयुष्याच्या छाटण्या असतात. त्यांतली एक तरी दाखवायला सिनेमाला दोन मिनिटं पुरली असती.

आणि हसवायचंच होतं तर याच मळ्यात किती मसाला पडून होता! क्रिस्टी कॅलिफोर्नियाची, द्राक्षं आणि वाईन जाणणारी. डुफ्लो प्रोव्हांसचा, बाहेरच्यांकडे संशयाने बघणारा. या दोघांच्या मधोमध दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. 1860च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने याच रोनच्या खोऱ्यातून सुरुवात करून फ्रान्सभरच्या वेली मारल्या, आणि उपायही अमेरिकेतूनच आला: अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा भरायचा. आपले बागायतदार टेक्सासच्या डॉगरिज खुंटावर कलम करतात, ते क्षार आणि पाण्याच्या टंचाईमुळे, पण युक्ती तीच. म्हणजे डुफ्लो ज्या वेलींना अस्सल फ्रेंच म्हणून मिरवील त्यांचे पाय बहुतेक अमेरिकन आहेत. मग 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच नाव झाकून घेतलेल्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या वाईनना पहिला क्रमांक दिला, आणि ती जखम फ्रान्सच्या वाईनवाल्यांनी बरीच वर्षं कुरवाळली. क्रिस्टी आणि डुफ्लो छाटणीवरून, खुंटांवरून, पिंपांवरून भांडले असते तर तो विनोद टेनिसच्या चेंडूंपेक्षा कितीतरी रसाळ झाला असता, आणि डुफ्लोचं ज्ञान आपोआप दिसलं असतं. सिनेमाच्या शेवटाकडे या संघर्षाची नुसती चाहूल लागते. शेवटाला जे दिलं ते मध्यावर हवं होतं.

सिनेमा आला त्या काळाचीही आठवण ठेवायला हवी. 2006च्या आसपास, रोनच्या पलीकडे लांग्दोकमध्ये, वाईनचे भाव कोसळल्याने द्राक्षशेतकरी रस्त्यावर होते. त्यांच्यातल्या जहाल गटांनी टँकर आणि दुकानांवर हल्ले केले. युरोपात वाईन गरजेपेक्षा फार जास्त होत होती. 2008च्या सुधारणेत युरोपीय संघाने तीन वर्षांत 1,75,000 हेक्टरपर्यंतच्या वेली उपटून टाकण्यासाठी पैसे देऊ केले. म्हणजे ज्या काळात आपण पडद्यावर मळा वाचल्याचा आनंद साजरा करत होतो, त्याच काळात शेजारच्या प्रदेशातले डुफ्लो आपल्या हातांनी लावलेल्या वेली उपटण्याचा हिशोब मांडत होते. सिनेमाने आंदोलन दाखवायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. डुफ्लोची भीती हसण्यावारी नेण्याआधी ती भीती कशाची आहे एवढं दिग्दर्शकाला ठाऊक असायला हवं होतं. स्कॉट स्वतः तिथला मळेवाला. त्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही, आणि म्हणूनच माझी तक्रार मोठी आहे.

तिसरं उत्तर असतं: हे सगळं घातलं असतं तर सिनेमा हलका राहिलाच नसता. यावर मी फक्त सेद्रिक क्लापिशच्या 2017च्या सिनेमाकडे बोट दाखवतो. फ्रेंचमध्ये 'स की नू ली', बाहेर 'बॅक टू बर्गंडी'. विषय तोच, द्राक्षमळ्याचा वारसा. बाप जातो, दोन भाऊ आणि एक बहीण यांच्या नावावर मळा सामाईक होतो आणि लाखो युरोंचा वारसा कर समोर उभा राहतो. भरायचा तर जमीन विकावी लागणार, आणि विकायची तर कोणती? चित्रीकरण चारही ऋतूंत झालेलं, त्यामुळे छाटणीही आहे आणि तोडणीही. कापणी कुठल्या दिवशी सुरू करायची यावर बहिणीचा जीव टांगणीला लागतो आणि तो निर्णय आपल्याला थरारक वाटतो. मळ्यात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाच्या भूमिकेत ज्याँ-मार्क रुलो आहेत, म्हणजे मरसो गावचे खरेखुरे नावाजलेले वाईनकार. आणि हा सिनेमा रडका नाही. तोडणी संपल्यावरची मेजवानी, भावंडांची थट्टा, प्यायल्यावरची बडबड, सगळं आहे. थिएटरात लोक खळखळून हसतात. करही आहे आणि हसूही आहे. एकाने दुसऱ्याला मारलेलं नाही. अलेक्झांडर पेनच्या 'साइडवेज'मध्ये (2004) वारसा नाही, पण द्राक्षाविषयीचं खरं प्रेम आणि खरं ज्ञान विनोदाला किती धार देतं हे त्यातही दिसतं. द्राक्षमळ्यातला विनोद ज्ञानाने जड होतो हा समज या दोन सिनेमांनी खोटा पाडला आहे.

काकाजींचा उल्लेख मघाशी केला, त्याकडे परत यायला हवं, कारण चाहत्यांचा सगळ्यात जिव्हाळ्याचा युक्तिवाद तिथे आहे. ते म्हणतात, हा सिनेमा मालकीविषयी नाहीच, रसिकतेविषयी आहे. जगण्याची चव घ्यायला शिकवणारा आहे. मान्य. पण 'तुझे आहे तुजपाशी'मध्ये काकाजींच्या समोर आचार्य उभे आहेत. काकाजींच्या जगण्याला प्रश्न विचारणारा माणूस त्याच घरात, त्याच रंगमंचावर, पूर्ण ताकदीने वावरतो. पुलंनी आचार्यांना नुसतं हास्यास्पद करून सोडलं असतं तर काकाजींचा विजय पोकळ ठरला असता. आचार्यांच्या एकाकीपणाला त्यांनी करुणा दिली म्हणून काकाजींची रसिकता मोठी वाटते. हेन्री आणि मॅक्स यांच्या रसिकतेला तसं विचारणारं कोणी नाही. विचारू शकला असता तो डुफ्लो: ही वाईन तुम्ही चाखता, ती होते कशी? त्याच्या तोंडी तो प्रश्न दिलाच नाही. म्हणून मॅक्सचं बदलणं हे जागा बदलण्यापलीकडे फार जात नाही. लंडनमध्ये तो इतरांच्या श्रमातून आलेले आकडे हलवत होता. प्रोव्हांसमध्ये तो इतरांच्या श्रमातून आलेली वाईन पितो आहे.

आणि 'याने कुणाचं काय बिघडतं' हा शेवटचा बचाव. पीटर मेल या इंग्रज लेखकाने 1989 साली 'अ इयर इन प्रोव्हांस' लिहिलं, मेनेर्ब गावच्या आपल्या घरावर आणि शेजाऱ्यांवर. अत्यंत हलकं, अत्यंत लोभस पुस्तक. त्याच्या लाखो प्रती खपल्या, आणि मग वाचक त्याच्या दारात येऊन उभे राहू लागले, इतके की मेलला ते घर सोडून काही वर्षं अमेरिकेला जावं लागलं. ज्याने लिहिलं त्यालाच राहणं कठीण झालं. हलक्या पुस्तकांना वजन नसतं असं म्हणणाऱ्यांनी मेनेर्बच्या त्या दाराशी उभं राहून पाहावं. माणसं पडद्यावर जे पाहतात ते स्वप्न घेऊन गावात येतात. स्वप्नात फक्त घर, तलाव आणि टेबल असेल तर ती घर, तलाव आणि टेबल विकत घेतात, आणि मळ्याकडे खिडकीतल्या देखाव्याइतकंच बघतात.

सगळ्यात वाईट याचं वाटतं की डुफ्लोच्या बाजूचा युक्तिवाद सिनेमाच्या स्वतःच्याच हातात होता. शेवटाजवळ मॅक्स लंडनला मालकासमोर बसलेला असतो. भिंतीवर व्हॅन गॉगचं चित्र आहे. ते चित्र नक्कल आहे, अस्सल तिजोरीत ठेवलं आहे, असं मालक सांगतो, आणि मॅक्स त्याला विचारतो की मग तुम्ही अस्सल चित्र बघता केव्हा. सिनेमातला हा सर्वांत चांगला प्रसंग. ज्याचा कागद आहे तो आणि ज्याचं त्या वस्तूशी नातं आहे तो, हे दोघे वेगळे असू शकतात, हे इथे एका प्रश्नात बसवलं आहे. त्या प्रश्नावरच मॅक्स नोकरी सोडतो. पण हाच प्रश्न मळ्याला लावला तर? मळ्याचा कागद आधी मॅक्सकडे होता, नंतर क्रिस्टीकडे गेला. रोज मळ्यात उतरणारा, कुठल्या वेलीने मागच्या हिवाळ्यात किती काड्या दिल्या हे सांगू शकणारा माणूस तिसराच आहे, आणि मॅक्स खोटं पत्र लिहायला बसला तेव्हा त्याला तो माणूस रोज दिसत होता. हेन्रीकाकाच्या हस्ताक्षरात आणखी एक ओळ, 'ल क्वँ पेर्द्यू'च्या वेली फ्रान्सिस डुफ्लोच्या, एवढीच, लिहिली असती तर सिनेमा एक मिनिटाने लांबला असता आणि तसूभरही जड झाला नसता.